फेब्रुवारीतले तीनशे रुपये

मार्च महिना आला की राज्याच्या अर्थसंकल्पाची चर्चा सुरू होते. काय स्वस्त, काय महाग, कोणाला काय मिळाले, याच्या चौकटी वर्तमानपत्रांत येतात. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, अर्थशास्त्र नव्हे. तरी सरकारचे पुढचे वर्ष कसे जाईल याचा अंदाज घ्यायला मला एक साधा प्रश्न पुरतो. जे वचन दिले आहे त्याचा पैसा कोठून येणार, हे वचन देतानाच सांगितले आहे का?

हा प्रश्न मला आपल्याच राज्याच्या एका कायद्याने शिकवला.

१९७२ चा दुष्काळ माझ्या पिढीला वेगळा सांगायला नको. मी तेव्हा बी.ए. करत होतो. रस्त्याच्या कडेला उन्हात खडी फोडणारी माणसे, त्यांत कालपर्यंत स्वतःच्या चार एकरांत राबणारेही, आणि मुलांच्या हातात सुकडी, हे चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. मे १९७३ मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. पाऊस पडल्यावर ही कामे बंद होणार होती. भूक मात्र दरवर्षीची होती.

विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी या प्रश्नाचा विचार दुष्काळाच्या आधीच केला होता. १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूरला त्यांच्या कल्पनेचा प्रयोग झाला. कल्पना अशी की, अंगमेहनतीचे काम मागणाऱ्याला सरकारने काम द्यावे. ते उपकार म्हणून नव्हे, तर त्याचा हक्क म्हणून. यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली.

आता यातला माझ्या दृष्टीने महत्त्वाचा भाग. एवढ्या मजुरीला पैसा कोठला? १ एप्रिल १९७५ पासून महाराष्ट्रात व्यवसाय कर लागू झाला. नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्याकडून घ्यायचा आणि रोजगार हमीसाठी वापरायचा. शिवाय जेवढा पैसा या करांतून जमेल, तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या मजुरीला हातभार लावायचा, असा हा सरळ हिशेब होता. शिक्षकांच्या खोलीत कुरकुर झाली, नाही असे नाही. पगारातून काही रुपये कापले जाणे कोणाला आवडते? पण पैसा कशासाठी जातो हे मात्र प्रत्येकाला ठाऊक होते.

पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचे, नाहीतर बेरोजगार भत्ता. मौजेची गोष्ट बघा. योजनेची सुरुवात वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत, कर लागू झाला तेव्हा शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री, कायदा वसंतदादा पाटलांच्या काळातला आणि अंमल शरद पवारांच्या. सात वर्षांत चार मुख्यमंत्री, मधे आणीबाणी, सत्तांतर. तरी योजना टिकली. मला वाटते, तिच्या नावाचा पैसा कायद्याने वेगळा काढला होता, हे त्याचे एक मोठे कारण.

अर्थात ही गाठ पुढे सैल झाली. २००५ मध्ये केंद्राचा रोजगार हमी कायदा आला आणि अकुशल मजुरीचा भार मुख्यतः दिल्लीने उचलला. व्यवसाय कर मात्र चालूच राहिला. राज्यघटनेने त्याची कमाल मर्यादा वर्षाला २५० रुपये ठेवली होती, ती १९८८ च्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली. म्हणून तर अकरा महिने २०० रुपये कापतात आणि फेब्रुवारीत ३००! आज पगारपत्रकावर हा आकडा पाहणाऱ्या किती तरुणांना ठाऊक असेल की तो खडी फोडणाऱ्या हातांसाठी सुरू झाला?

आता अलीकडचे पाहू. २८ जून २०२४ रोजी अतिरिक्त अर्थसंकल्पात मुख्यमंत्री लाडकी बहीण योजना जाहीर झाली. महिन्याला १,५०० रुपये, वर्षाचा अंदाजित खर्च ४६,००० कोटी. पंधरा दिवसांच्या आत ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या सभागृहात आल्या, त्यांत मोठा वाटा याच योजनेचा. १० मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी ३६,००० कोटींची तरतूद होती, महसुली तूट ४५,८९१ कोटी आणि कर्जाचा अंदाज ९ लाख कोटींच्या वर. गरीब बाईच्या हातात पैसा पडू नये असे मी कधीच म्हणणार नाही. तो पैसा घरातल्या मुलांच्या पोटात आणि वह्यापुस्तकांत जातो, हे शिक्षकाइतके कोण जाणतो? प्रश्न एवढाच की, या वचनासाठी कोणता कर, कोणाकडून, हे कोणी सांगितले नाही. कर लावणारा अप्रिय होतो, कर्ज काढणारा होत नाही. आणि असे वचन निवडणूक झाली की पहिल्यांदा आकसते. त्याचा फटका ते ज्यांना दिले त्यांनाच बसतो.

त्यात डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने रोजगार हमीच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १०० चे १२५ झाले, पण आपल्यासारख्या राज्यांवर खर्चाचा ४० टक्के वाटा आला. म्हणजे पागे यांच्या वेळचा प्रश्न पुन्हा मुंबईच्या विधानभवनात येऊन उभा राहिला आहे. राज्याने आपला वाटा घातला नाही, तर मजुराचा हक्क कागदावरच राहील.

म्हणून माझी विनंती आहे. मार्चमधले भाषण ऐकून थांबू नका. पावसाळी अधिवेशनातल्या आणि डिसेंबरात नागपूरला येणाऱ्या पुरवणी मागण्याही वाचा. व्यवसाय कर किती जमला आणि रोजगार हमीवर किती गेला, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून आपल्या आमदारांना विचारा. हक्काने विचारा, कारण त्यातला काही पैसा आपल्याच पगारातून गेलेला आहे.