प्लग, वॉशर आणि बिरसीची धावपट्टी

बालाघाटहून गोंदियाकडे निघालं की राजेगावाजवळ बाघ नदी लागते आणि ती ओलांडली की महाराष्ट्र सुरू होतो. नदीपलीकडे बिरसीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, इंग्रजांनी धावपट्टी बांधली. युद्ध संपलं, पट्टी राहिली. ती आधी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होती, १९९८मध्ये एमआयडीसीकडे गेली आणि २००५च्या अखेरीस भारतीय विमानतळ प्राधिकरणाने ताब्यात घेतली. प्राधिकरणाने सीएई या कॅनडाच्या कंपनीला सोबत घेऊन तिथे नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट उभी केली. तेव्हापासून शिकाऊ विमानांची घरघर बालाघाटकरांच्याही कानांना सरावाची झाली आहे.

त्या घरघरीमागे एक जुनी कारागिरी आहे. विमानोड्डाणाचा इतिहास वैमानिकांच्या नावांनी सांगितला जातो. पण पान्याने प्लग काढणाऱ्या आणि तांब्याचा वॉशर बदलणाऱ्या मेकॅनिकच्या हातांवाचून त्यातलं एकही उड्डाण झालं नसतं.

राइट बंधूंच्या १९०३च्या इंजिनात स्पार्क प्लग नव्हताच. सिलिंडरच्या आत दोन धातूंचे संपर्कबिंदू उघडझाप करत आणि त्यातून ठिणगी पडे. त्याच सुमारास, १९०२मध्ये, जर्मनीत बॉश कंपनीच्या गोटलोब होनोल्डने ठिणगीसाठी वीज निर्माण करणारा उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला प्लग तयार केला होता. पुढे विमानांनी हीच पद्धत उचलली, पण दुहेरी करून. दर सिलिंडरला दोन प्लग आणि दोन वेगळे मॅग्नेटो. एक बंद पडला तरी दुसरा इंजिन चालू ठेवतो, आणि दोन्ही बाजूंनी ठिणगी पडली की इंधनही नीट जळतं.

प्लगचं मोल किती, हे १९३०मध्ये इजिप्तमधल्या अबूकीरच्या विमानतळावर दिसलं. इंग्लंड आणि भारत यांच्यातलं अंतर एकट्याने महिन्याच्या आत कापणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. जे. आर. डी. टाटा भारतातून निघाले होते, अस्पी इंजिनियर इंग्लंडहून येत होते आणि दोघांकडेही जिप्सी मॉथ विमान होतं. अबूकीरला अस्पी प्लगसाठी अडकून पडलेले जेआरडींना दिसले. जेआरडींनी जवळचे जादा प्लग त्या प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. अस्पींनी आपलं लाइफ जॅकेट त्यांना दिलं. काही तासांच्या फरकाने बक्षीस अस्पींनी जिंकलं. तेच पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

त्या काळी प्लगच्या आतलं विद्युतरोधक आवरण बरेचदा अभ्रकाचं असे आणि जगाला लागणारं उत्तम अभ्रक तेव्हाच्या बिहारमधल्या कोडरमा भागातून जाई. पेट्रोलमध्ये शिसं मिसळलं जाऊ लागलं तसं अभ्रक टिकेना. मग अ‍ॅल्युमिनाची भाजलेली चिनीमाती आली, ती आजतागायत आहे.

बालाघाट ज्या प्रांतात होतं त्याची राजधानी १९५६पर्यंत नागपूर होती. तिथे १९४७मध्ये फ्लाइंग क्लब निघाला. जानेवारी १९४९पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची टपालविमानं मध्यरात्री नागपुरात जमून थैल्यांची अदलाबदल करू लागली. त्या डाकोटा विमानांना दोन इंजिनं, दर इंजिनाला १४ सिलिंडर. म्हणजे एका विमानात ५६ प्लग. फ्लाइंग क्लबांसाठी हिंदुस्थान एअरक्राफ्टने आणलेलं ‘पुष्पक’ मात्र साधं होतं. डॉ. वि. मा. घाटगे या मराठी विमानशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली घडलेलं हे विमान १९५८मध्ये पहिल्यांदा उडालं. चार सिलिंडरचं काँटिनेंटल इंजिन, आठ प्लग. देशातल्या अनेक वैमानिकांनी आणि मेकॅनिकांनी या आठ प्लगांवर धडे गिरवले.

धडा आजही फारसा बदललेला नाही. आठही प्लग काढून भोकं पाडलेल्या ट्रेमध्ये क्रमाने लावायचे. कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा, वरचा की खालचा, हे चुकता कामा नये, कारण प्लगचं तोंड त्या सिलिंडरची तब्येत सांगतं. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त. ओला तेलकट थर म्हणजे रिंगमधून ऑइल वर येतंय. खालच्या प्लगमध्ये शिशाचे राखाडी मणी साचतात. ते टोकदार हत्याराने अलगद काढायचे. वाळूचा मारा थोडाच, नाहीतर चिनीमाती झिजते. मग ०.४ ते ०.५ मिलिमीटरची गॅप आणि दाबाखाली ठिणगीची चाचणी. हातातून जमिनीवर पडलेला प्लग सरळ फेकून द्यायचा, कारण आतली बारीक चीर बाहेरून दिसत नाही. बसवताना वरचे खाली आणि खालचे वर, म्हणजे झीज सारखी होते.

आणि प्रत्येक प्लगखाली तांब्याचा वॉशर. तो फक्त गळती रोखत नाही. प्लगची उष्णता सिलिंडर हेडमध्ये उतरण्याची ती एक वाट आहे. एकदा आवळला की तांबं कडक होतं, पुन्हा नीट बसत नाही. म्हणून दरवेळी नवा वॉशर, किंवा जुना लालबुंद तापवून पाण्यात बुडवायचा. पोलाद असं केल्यावर कडक होतं, तांबं मऊ होतं. नंतर टॉर्क रेंच. लायकमिंग कंपनीच्या इंजिनांसाठी साधारण ३५ फूट-पौंड, त्याहून एक झटका जास्त नाही.

हेच तांबं बालाघाट जिल्ह्यात मलांजखंडच्या डोंगरात आहे. हिंदुस्तान कॉपरचा तिथला प्रकल्प १९८२मध्ये सुरू झाला आणि ती देशातली सर्वांत मोठी तांब्याची खाण ठरली. भरवेलीच्या खाणीतलं मँगनीज मुख्यतः पोलादाच्या कामी येतं, पण प्लगच्या इलेक्ट्रोडसाठी निकेलमध्ये थोडं मँगनीज मिसळण्याचीही जुनी रीत आहे.

वॉशरसारखीच गळती रोखणारी दुसरी वस्तू म्हणजे गॅस्केट. मोटारींवर काम केलेला माणूस लायकमिंगमध्ये हेड गॅस्केट शोधतो आणि त्याला ती सापडत नाही. तिथे हेड तापवून बॅरलवर आट्यांनी कायमचं बसवलेलं असतं. गॅस्केट असतात त्या एक्झॉस्टच्या जोडावर, ऑइल संपवर आणि रॉकर कव्हरखाली. रॉकर कव्हरखाली पूर्वी बुचाची गॅस्केट असे. ती उष्णतेने आक्रसे आणि ऑइल पाझरे. सिलिकॉनच्या गॅस्केटने ही कटकट बरीच कमी केली.

प्रशिक्षणाच्या विमानांना प्लगचा त्रास जास्त, कारण ती जमिनीवर मंद गतीने बराच वेळ फिरतात आणि तेव्हाच शिसं साचतं. त्यावर लायकमिंगने सांगितलेला उपाय म्हणजे बंद करण्याआधी इंजिन १५ ते २० सेकंद मिनिटाला १८०० फेऱ्यांवर चालवायचं. हे काम वैमानिकाच्या हातचं. ते त्याने टाळलं तर मेकॅनिकचं काम वाढतं.

सप्टेंबर २०२२मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत तयार केलेलं अ‍ॅव्हगॅस १००एलएल बाजारात आणलं. तोवर हे इंधन आयात होई. त्यात शिसं आहेच. अमेरिकेत त्याच महिन्यात बिनशिशाच्या एका इंधनाला पिस्टन इंजिनांसाठी मंजुरी मिळाली. दुसरीकडे डायमंड डीए-४० विमानाच्या एका प्रकारात लायकमिंग इंजिन असतं, तर एनजी प्रकारात ऑस्ट्रोचं डिझेल इंजिन आणि त्यात स्पार्क प्लग नाहीच. ही इंजिनं वाढतील तसा प्लगांचा ट्रे हँगरमधून कमी होत जाईल. पण लायकमिंगची हजारो विमानं अजून उडत आहेत, आणि त्यांच्यासाठी टॉर्क रेंच नीट वापरणारी, प्लगचं तोंड वाचता येणारी माणसं या भागात घडवत राहावी लागतील.