‘तोतया’ : एका शब्दाचा अर्थविस्तार

दुसऱ्याचे रूप घेण्याच्या क्रियेस मराठीत सोंग, वेषांतर, बतावणी असे अनेक शब्द आहेत. परंतु ‘तोतया’ या शब्दातील आरोप त्यांपैकी एकातही नाही. बहुरूप्याचे सोंग हे सोंग आहे, हे पाहणारास ठाऊक असते, आणि त्या जाणिवेवरच त्याचे पोट चालते. तोतयाचे सारे यश न ओळखले जाण्यात असते. शिवाय त्यास नुसते रूप नको असते. रूपामागील हक्क हवा असतो.

हा शब्द ‘तोता’ म्हणजे पोपट याच्याशी जोडण्याचा मोह होतो. पढविलेले बोलणारा तो तोतया, ही कल्पना सुबक खरी. पण ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. शब्दास धार आली ती इतिहासामुळे.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी हे मरण मानले नाही. अशा संशयाच्या आश्रयाने सुखलाल नावाचा कनोजी ब्राह्मण बुंदेलखंडात ‘भाऊ’ म्हणून प्रकट झाला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत तो पकडला गेला व चौकशीअंती कैदेत पडला. १७७६ मध्ये रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे यानेच त्यास सोडविले आणि कोकणातील अनेक किल्ले भराभर त्याच्या हाती गेले. पेशवेपदावर दोन वर्षांचे मूल, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयास. अशा वेळी ‘भाऊ’ खरे ठरते, तर बारभाईंच्या कारभारास आधारच उरला नसता. म्हणूनच ओळखीचा प्रश्न राज्याचा प्रश्न झाला. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनी बंड मोडले, आंग्र्यांनी तोतयास धरून दिले, आणि त्याच वर्षी पुण्यात त्यास देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकाने पुढे हा प्रसंग रंगभूमीवर आणला.

येथवर तोतया हा कोणा एका विशिष्ट व्यक्तीचा असे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ज्या अपराधास कायद्याची मराठी ‘तोतयेगिरी करून ठकवणूक’ म्हणते, त्याच्या स्पष्टीकरणात मात्र ज्याचे रूप घेतले ती व्यक्ती काल्पनिक असली तरी अपराध घडतो, असे सांगितले होते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही ही तरतूद राखली आहे. वृत्तपत्रांतील ‘तोतया पोलीस’ तर कोणा एका शिपायाचे नावही घेत नाही. तो केवळ पदाचा तोतया असतो.