कराची ते मुंबई : हवेंतील वाट

दोन विमानतळांमधील अंतरास विमानाच्या वेगानें भागिलें कीं प्रवासाचा वेळ निघतो, असें अंकगणित आम्ही शाळेंत शिकलों. कराची आणि मुंबई यांच्या बाबतींत हें गणित फारसें खरें ठरलें नाहीं.

सरळ रेषेनें हें अंतर सुमारें ५४५ मैल. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं सकाळीं ६ वाजून ३५ मिनिटांनीं जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिघ रोड तळावरून निघाले, ते मात्र सरळ रेषेनें नव्हे. त्यांच्या एका इंजिनाच्या चिमुकल्या पस मॉथ विमानास मध्यें पेट्रोल घेणें भाग होतें. म्हणून वाट अहमदाबादेवरून, सुमारें १०० मैलांनीं लांबची. बरोबर उतारू कोणी नाहीं. इंपीरिअल एअरवेजनें विलायतेहून कराचीस आणलेलें टपाल तेवढें होतें. रेडिओ नाहीं, वाट दाखविणारें दुसरें साधनही नाहीं. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडींतून आले. हें वाचून आज हंसूं येतें खरें. परंतु त्या काळीं मुलखाचा वेग बैलगाडीचाच होता, नवलाई होती ती विमानाची. दुपारीं १ वाजून ५० मिनिटांनीं विमान जुहूच्या मैदानावर उतरलें. सव्वासात तास झाले. पुढें नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें टपाल बेल्लारीवरून मद्रासेस नेलें. जुहूचें मैदान पावसाळ्यांत चिखलानें निरुपयोगी होई, आणि मग या सेवेचें बिऱ्हाड पुण्यास हलवावें लागे!

या प्रवासांत परदेश लागला नाहीं, हें आतां मुद्दाम सांगावें लागतें. वाटेंत संस्थानी मुलूख होता. पण निघण्याचें ठिकाण आणि उतरण्याचें ठिकाण दोन्ही मुंबई इलाख्यांतच होतीं. सिंध त्या इलाख्यापासून वेगळा झाला तो १ एप्रिल १९३६ रोजीं. कराचींतील एका जुन्या सरकारी शाळेस नारायण जगन्नाथ वैद्य यांचें नांव आहे, तें याच एकोप्याच्या काळाचें.

१९४७ सालीं मध्यें सरहद्द आली, तरी विमानें येत-जात राहिलीं. १९६५ च्या युद्धानें तीं बंद पडलीं. तुटलेला हवाई मार्ग १९७६ सालीं पुन्हां जुळला, म्हणूनच १९८२ सालीं, पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षें झालीं तेव्हां, ७८ वर्षांच्या टाटांस जुन्या धाटणीच्या लेपर्ड मॉथ विमानांतून तीच वाट पुन्हां एकट्यानें आक्रमितां आली. आमच्या मतें या दुसऱ्या उड्डाणाचें मोल पहिल्याहून कमी नाहीं.

जेट विमानास हें अंतर काटण्यास पावणेदोन तास पुरेत. परंतु आतां या दोन शहरांमध्यें थेट विमानच नाहीं, आणि एप्रिल २०२५ मध्यें तर दोन्ही देशांनीं एकमेकांच्या विमानांस आपलें आकाश बंद केलें. प्रवाशास दुबईची वाट धरावी लागते. ती सुमारें १,९५० मैलांची. नुसतें हवेंतच पांच तास जातात; दुबईस विमान बदलण्याचा खोळंबा त्यांत मिळविला, म्हणजे टाटांचे सव्वासात तास सहज मागें पडतात.