लेडव्हिलच्या वहाणा

खडकाळ डोंगरवाटेवर शंभर मैल धावायचे तर पायात काय असावे, हा प्रश्न वरवर पाहता दुकानदाराचा किंवा फार तर प्रशिक्षकाचा आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात का लक्ष घालावे, असे कुणी विचारील. आम्ही त्यात लक्ष घालतो, कारण या प्रश्नाच्या अलीकडच्या इतिहासात धावणाऱ्यांचे म्हणणे बाजूला राहिले आणि त्यांच्या पायांचा अर्थ लावणारे मात्र वाढत गेले.

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील लेडव्हिल हे खाणकामगारांचे गाव समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. जवळची मोठी खाण बंद पडल्यावर, १९८३ मध्ये, तेथे १६१ किलोमीटरची शर्यत सुरू झाली. तीस तासांची मुदत आणि सुमारे ३,८०० मीटर उंचीची होप खिंड जाताना व येताना दोनदा ओलांडायची, असे तिचे स्वरूप. १९९२ मध्ये मेक्सिकोच्या चिवावा राज्यातील दऱ्याखोऱ्यांत राहणारे ररामुरी (बाहेरच्यांनी दिलेले नाव ताराहुमारा) धावपटू तेथे आणले गेले. त्यांतील एकही शेवटपर्यंत पोहोचला नाही. वाट अनोळखी होती आणि वाटेवरील मदतकेंद्रांचे रीतिरिवाजही परके होते. पुढच्याच वर्षी पन्नाशी ओलांडलेले व्हिक्टोरियानो चुरो वीस तासांहून किंचित अधिक वेळात पहिले आले आणि दुसरा क्रमांकही ररामुरी धावपटूचाच होता. प्रायोजकाने दिलेले बूट बाजूला सारून त्यांनी टाकाऊ टायरच्या वहाणा बांधल्या, ही कथा तेव्हापासून सांगितली जाते.

या कथेचा सर्वांत प्रभावी पुनरुच्चार ख्रिस्तोफर मॅकडूगल यांच्या २००९ च्या ‘बॉर्न टू रन’ या पुस्तकाने केला. १९७० च्या दशकापासून बूट-उद्योगाने टाचेखाली फेसाची गादी वाढवत नेली होती. पुस्तकाने त्या गादीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. २०१० मध्ये डॅनियल लिबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांचा अनवाणी धावण्यावरील निबंध ‘नेचर’मध्ये आला आणि कथेला विज्ञानाचा आधार मिळाल्याचे अनेकांना वाटले. पाच बोटांच्या मोज्यासारखे दिसणारे पातळ बूट धडाक्याने खपले. २०१४ मध्ये मात्र त्यांच्या उत्पादकाने आरोग्यविषयक दाव्यांवरून भरलेला खटला, चूक कबूल न करता, ३७.५ लाख डॉलरांवर मिटवला. दरम्यान २००९ मध्येच फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या एका कंपनीने अतिजाड तळव्यांचे बूट आणले आणि लांब पल्ल्याचे अनेक धावपटू तिकडे वळले. लंबक दुसऱ्या टोकाला गेला.

आमच्या मते या साऱ्या वादात मूळ वस्तूकडेच पुरेसे पाहिले गेले नाही. ररामुरी वहाण म्हणजे पावलाच्या आकाराने कापलेला तळ आणि त्यातील तीन भोकांतून ओवलेला बंद. पूर्वी तळ कातड्याचा असे. टायर आला तो विसाव्या शतकात, मोटारींबरोबर. म्हणजे जिला ‘निसर्गाकडे परत जाणे’ असे म्हटले गेले, ती वस्तू अर्धी कारखान्यातून आलेली आहे. ती स्वस्त आहे, टिकाऊ आहे, बंद तुटला तर वाटेतच बांधता येतो, ओढा ओलांडल्यावर तिच्यात पाणी साचून राहत नाही. ही कारणे आदिमतेची नव्हेत, विचारपूर्वक निवडीची आहेत. बुटांतला धावपटूही असाच हिशेब करतो: टोकदार दगड तळव्याला लागू नये इतका तळ कठीण हवा, उतारावर पकड हवी, तासांमागून तास पाय सुजत जातात म्हणून बोटांपाशी जागा हवी आणि मुख्य म्हणजे पायाला त्या वस्तूची सवय हवी. सवयीविना उसनी घेतलेली वहाण उसन्या शैलीइतकीच घातक ठरते.

लिबरमन यांच्याच पुढील कामाने चित्र अधिक गुंतागुंतीचे केले. २०१४ च्या निबंधात वहाणा घालणारे ररामुरीही सगळे एकाच तऱ्हेने पाऊल टाकत नाहीत, काही टाचेवरच उतरतात, असे दिसले. २०२० मध्ये त्यांनी ररामुरी सहलेखकासह लिहिलेल्या निबंधात ‘जन्मजात धावणारा रानटी’ ही कल्पनाच भ्रम म्हणून नाकारली. धावणे त्यांच्याकडे खेळ, नृत्य, श्रम आणि प्रार्थना यांच्याशी जोडलेले आहे. ते शिकावे आणि कमवावे लागते. ‘जन्मजात’ म्हणून केलेला गौरवही माणसाचे कष्ट आणि त्याची बुद्धी हिरावून घेतो, हे दलित आणि आदिवासी साहित्य वाचणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

२०१७ मध्ये पुएब्ला येथील पन्नास किलोमीटरची शर्यत मारिया लोरेना रामिरेस हिने घोळदार घागरा आणि वहाणा घालून जिंकली, तेव्हा वृत्तपत्रांनी पुन्हा तीच जुनी कथा छापली. पण २०१९ मध्ये हुआन कार्लोस रुल्फो (‘पेद्रो पारामो’च्या लेखकाचे पुत्र) यांनी तिच्यावर लघुपट केला. त्यात आधुनिक बूट हाती आल्यावर ती म्हणते की आपण बहुधा ते वापरणार नाही, कारण ते घालणारे नेहमी आपल्या मागेच असतात. यात ना निसर्गाचे तत्त्वज्ञान आहे, ना परंपरेचा उद्घोष. शर्यतीत मागे वळून पाहिलेल्या स्पर्धकाचे हे साधे, किंचित मिश्कील निरीक्षण आहे. इतकी वर्षे ज्या पायांचे आपण भाष्य करीत होतो, त्या पायांच्या धनिणीचे भाष्य असे दोन वाक्यांचे निघाले.