संतदिन, ख्रिस्ती

ख्रिस्ती धर्मातील संतांच्या स्मरणार्थ ठरावीक तारखेस पाळला जाणारा दिवस. तो बहुधा संताचा मृत्युदिन असतो. मृत्यू म्हणजे स्वर्गीय जीवनातील जन्म, या श्रद्धेमुळे त्यास लॅटिनमध्ये ‘दिएस नातालिस’ (जन्मदिन) म्हणत. महाराष्ट्रातील संतांच्या पुण्यतिथीशी त्याचे साम्य आहे; मात्र पुण्यतिथी परंपरेने चांद्र तिथीस, तर पाश्चात्त्य चर्चमधील संतदिन सौर तारखेस येतो. पवित्र मरिया (८ सप्टेंबर) आणि बाप्तिस्मा करणारा योहान (२४ जून) यांचे जन्मदिनही पाळतात, हा अपवाद होय.

या प्रथेचा उगम हुतात्म्यांच्या स्मरणात आहे. स्मर्नाचे बिशप पॉलिकार्प यांच्या हौतात्म्यानंतर (सु. १५५) अनुयायांनी त्यांच्या अस्थी जतन करून दरवर्षी त्या दिवशी एकत्र जमण्याचे ठरविले. रोममधील हुतात्म्यांची तारीखवार यादी इ. स. ३५४ च्या एका पंचांगात आढळते. पुढे संतांची संख्या वाढल्याने सर्वांचे एकत्रित स्मरण रूढ झाले. पाश्चात्त्य चर्चमध्ये त्यासाठी १ नोव्हेंबर हा दिवस स्थिरावला. प्रारंभी स्थानिक लोकश्रद्धाच संत ठरवीत असे. तेराव्या शतकापर्यंत तो अधिकार पोपकडे गेला. सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी संतांची मध्यस्थी नाकारली. रोमन कॅथलिक चर्चने १९६९ मध्ये संतदिनांची फेररचना केली. त्या वेळी प्रेषित थॉमसचा दिवस २१ डिसेंबरऐवजी ३ जुलै झाला. केरळातील सिरियन ख्रिस्ती परंपरेत ३ जुलै हाच दिवस पूर्वीपासून मान्य होता.

स्थानिक जीवनानुसार संतदिनांना निराळे रूप येते. गोव्यात २४ जूनचा सांजांव भर पावसाळ्यात येतो; तरुण डोक्यावर पानाफुलांची कोपेल घालून विहिरींत उड्या घेतात. ३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेव्हियर यांचा मृत्युदिन (१५५२). त्या दिवशी जुने गोवे येथे मोठा यात्रेकरू समुदाय जमतो. मुंबईतील वांद्र्याची जत्रा मरियेच्या जन्मदिनाशी संबंधित आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचा दिवस महत्त्वाचा आहे. वसईत जन्मलेल्या या फ्रान्सिस्कन धर्मबंधूंना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे इतर पंचवीस जणांसह क्रूसावर मारण्यात आले. १६२७ मध्ये त्यांना धन्य घोषित केले गेले. चिमाजी आप्पांच्या मोहिमेने १७३९ मध्ये वसईतील पोर्तुगीज सत्ता संपली. किल्ल्यातील चर्चवास्तू कालांतराने भग्न झाल्या, परंतु परिसरातील मराठीभाषक ख्रिस्ती समाज टिकून राहिला. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी या सव्वीस जणांना संतपद दिले. ५ फेब्रुवारी हा संत अगाथाचा दिवस असल्याने त्यांचे स्मरण ६ फेब्रुवारीस होते. रोमन दिनदर्शिकेत ‘पॉल मिकी व सोबती’ एवढाच निर्देश आहे. जगाच्या दृष्टीने सोबत्यांपैकी एक असलेले गोन्सालो वसईत मात्र स्वतःच्या नावाने स्मरले जातात. हुतात्म्याची आठवण त्याच्याच गावाने जपावी, हे संतदिनाचे मूळ कार्य येथे आजही दिसून येते.