आभासी चलनाच्या जाहिरातींवरील निर्बंध : एक ऐतिहासिक आढावा
(विशेष संदर्भ : छत्रपती संभाजीनगर व मराठवाडा)

प्रस्तावना

साबणाची किंवा कापडाची जाहिरात वस्तूचा गुण सांगते आणि तो गुण ग्राहकास वापरून पाहता येतो. गुंतवणुकीची जाहिरात मात्र भविष्यकाळातील वचन विकते. वचन खोटे ठरल्याचे कळते तेव्हा पैसा हातातून गेलेला असतो. या कारणास्तव आर्थिक जाहिरातींवर नियंत्रण असावे, हा विचार भारतात जुना आहे. २०१८ मध्ये फेसबुक, गूगल व ट्विटर या कंपन्यांनी आभासी चलनाच्या जाहिराती रोखल्या, तेव्हा तोच विचार नव्या माध्यमात आला. प्रस्तुत लेखात या निर्बंधांचा आढावा घेऊन मराठवाड्यातील सामान्य गुंतवणूकदारास त्यांचे संरक्षण कितपत लाभले, याचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : १९७८ चा कायदा

१९७० च्या दशकात बक्षीस चिटच्या योजनांचे देशभर पेव फुटले होते. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जेम्स राज अभ्यासगटाने त्यांवर बंदीची शिफारस केली आणि १९७८ मध्ये प्राइझ चिट्स व मनी सर्क्युलेशन योजना (बंदी) अधिनियम संमत झाला. या कायद्याने योजना चालविणाऱ्याबरोबरच तिची जाहिरात छापणाऱ्यासही दोषी मानले. असा मजकूर असलेल्या वृत्तपत्राच्या प्रती जप्त करण्याचा अधिकार राज्य शासनास देण्यात आला. म्हणजेच जाहिरातीची जबाबदारी प्रकाशकावर होती आणि ती ठरविणारी सत्ता शासनाची होती.

२०१८ : खाजगी धोरणाचा उदय

डिसेंबर २०१७ मध्ये बिटकॉइनचा भाव वीस हजार डॉलरच्या जवळ पोहोचला. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३, फेब्रुवारी २०१७ व डिसेंबर २०१७ असे तीन वेळा जनतेस सावध केले होते. परंतु जाहिरातींवर बंधन नव्हते. ३० जानेवारी २०१८ रोजी फेसबुकने आभासी चलन व नव्या नाण्यांच्या विक्रीच्या जाहिरातींवर बंदी जाहीर केली. मार्च महिन्यात गूगलने असाच निर्णय जाहीर करून जूनपासून अमलात आणला. मार्चअखेरीस ट्विटरनेही तीच वाट धरली.

हे निर्बंध फार काळ कठोर राहिले नाहीत. जून २०१८ मध्येच फेसबुकने पूर्वपरवानगी घेणाऱ्या जाहिरातदारांना मुभा दिली. गूगलने ऑक्टोबरपासून अमेरिका व जपानमधील नियमनाखालील विनिमय केंद्रांना वाट मोकळी केली. यातील सूत्र असे की, ज्या देशात परवाना देणारी यंत्रणा आहे, तेथे त्या परवान्याच्या आधारे जाहिरात तपासता येते. भारतात त्या वेळी असा परवानाच अस्तित्वात नव्हता. जाहिरातदाराची पारख करण्याचे काम त्यामुळे परदेशी कंपन्यांच्या धोरणावरच राहिले.

भारतातील घडामोडी

६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांस सेवा देण्यास मनाई केली. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे परिपत्रक रद्द ठरविले. त्यानंतर जाहिरातींना उधाण आले. २०२१ च्या क्रिकेट हंगामात चित्रपट अभिनेते आभासी चलनाची भलामण करताना घराघरांत दिसू लागले. नोव्हेंबर २०२१ मध्ये पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील बैठकीत तरुणांची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची दखल घेण्यात आली. पुढे भारतीय जाहिरात मानक परिषदेने फेब्रुवारी २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. १ एप्रिलपासून प्रत्येक जाहिरातीत धोक्याचा इशारा सक्तीचा झाला, मुद्रित जाहिरातीतील एक पंचमांश जागा त्यासाठी राखण्यास सांगितले गेले आणि ‘चलन’ या अर्थाचा शब्दच वापरण्यास मनाई झाली. मात्र ही परिषद जाहिरात व्यवसायाने स्वतः उभारलेली संस्था आहे. १९७८ च्या कायद्यासारखी शिक्षेची तरतूद तिच्या हाती नाही.

मराठवाड्याचा अनुभव

‘गेनबिटकॉइन’ हे प्रकरण येथे विशेष बोलके आहे. २०१५ पासून चाललेल्या या योजनेत दरमहा दहा टक्के याप्रमाणे अठरा महिने बिटकॉइनमध्ये परतावा देण्याचे वचन होते. पुणे व नांदेड येथे गुन्हे दाखल झाले आणि एप्रिल २०१८ च्या पहिल्या आठवड्यात पुणे पोलिसांनी सूत्रधारास अटक केली. सक्तवसुली संचालनालयाच्या मते २०१७ मधील मूल्यानुसार ही रक्कम सुमारे ६,६०० कोटी रुपयांची होती. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. यातील कालक्रम लक्षणीय आहे. फेसबुकची बंदी आली, तेव्हा गुंतवणूकदारांचा पैसा अगोदरच गेलेला होता. शिवाय योजना पसरली ती मुख्यतः सभा, प्रतिनिधी व ओळखीच्या साखळीतून. जानेवारी २०२३ मध्ये जालना शहरातही आभासी चलनातील गुंतवणुकीचा वाद पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचला.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील ‘तीस-तीस’ योजना आभासी चलनाची नव्हती. तथापि प्रसाराची रीत समजून घेण्यासाठी ती उपयुक्त आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेसाठी बिडकीन परिसरातील जमिनी संपादित झाल्या आणि शेतकऱ्यांच्या खात्यांत एकरकमी मोबदला आला. पिढ्यान्‌पिढ्या जमीन हीच ज्यांची ठेव होती, त्यांच्या हाती प्रथमच मोठी रोख रक्कम आली. भरमसाट परताव्याच्या आमिषाने ती एका योजनेत वळली आणि २०२२ मध्ये बिडकीन पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. या योजनेस वृत्तपत्रातील जाहिरातीची गरज पडली नाही. सुरुवातीस ज्यांना परतावा मिळाला, ते शेजारी व पाहुणेच तिची जाहिरात ठरले. भावकीतल्या माणसाच्या शब्दावर धोक्याचा इशारा छापता येत नाही.

निष्कर्ष

१) १९७८ मध्ये जाहिरातीचे नियंत्रण शासनाकडे होते; २०१८ मध्ये ते व्यवहारतः खाजगी कंपन्यांच्या धोरणाकडे सरकले. कंपनीचे धोरण तिच्या सोयीनुसार बदलू शकते, हे त्याच वर्षी दिसून आले.

२) निर्बंध उपयुक्त असले तरी ते उशिरा आले, आणि पैसे देऊन केलेल्या जाहिरातीपुरतेच मर्यादित राहिले. मोबाइलवरील पुढे पाठविलेला संदेश व घरगुती बैठक त्यांच्या कक्षेबाहेर राहिली.

३) ज्या भागात जमिनीच्या मोबदल्याचा पैसा एकाएकी येतो, तेथे सावधगिरीची सूचनाही त्याच विश्वासाच्या वाटेने पोहोचली पाहिजे. मोबदला जमा होताना बँकेची शाखा, ग्रामसभा व परिसरातील महाविद्यालयांचे वाणिज्य विभाग हे काम मराठीतून करू शकतात. जाहिरात रोखणे ही संरक्षणाची पहिली पायरी आहे. त्यापुढची पायरी अद्याप गावपातळीवर बांधावयाची आहे.