आमची पद्मिनी, असीरगडचा घाट आणि आईचा बंब

बुऱ्हाणपूरचं नाव काढलं की लोक मुमताजची गोष्ट सांगतात, नाहीतर मावा जिलेबी आणि दराब्याची. मी आज रेडिएटरची सांगणार आहे. परवा समूहात कोणीतरी जुन्या फियाटचा फोटो टाकला आणि मला आमची पांढरी पद्मिनी आठवली. बुधवाऱ्यातल्या जुन्या लोकांना ती आठवत असेल, कारण आमच्या गल्लीत ती वळवायची म्हणजे शेजारच्यांची सायकल उचलून ठेवावी लागे.

आधी थोडा इतिहास. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. इटलीच्या फियाटची ११०० ही गाडी तिथे बनू लागली आणि तीच पुढे सत्तरच्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' झाली. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या त्याच. २०२३ च्या ऑक्टोबरात त्यातली शेवटची रस्त्यावरून गेली तेव्हा पेपरात फोटो आले होते. आमच्या काळात नवी गाडी नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे, म्हणून मी १९८७ साली एका निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याची १९७९ ची गाडी घेतली. कर्ज बँकेचं, हप्ता पगारातून.

मे १९९३. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख इंदूरला मिळाली होती. रेल्वेने जायचं तर खंडव्याला उतरून मीटरगेजची गाडी धरायची, आणि आईला पुलाचे जिने दिसत नव्हते. म्हणून पहाटे पद्मिनी काढली. असीरगडचा घाट वीसेक किलोमीटरवर. अर्ध्या चढावर काटा लालाकडे गेला आणि बॉनेटखालून वाफ निघाली. इथे मी आयुष्यातला मूर्खपणा केला. गाडी थांबवली, रुमाल गुंडाळला आणि रेडिएटरचं ढक्कन फिरवलं. त्या ढक्कनाखाली पाणी दाबात असतं, म्हणून ते शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. ढक्कन काढलं की सगळं एकदम उकळतं. माझा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मागून आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरने मला बाजूला ओढलं, हातावर त्याच्या सुराहीतलं पाणी ओतत राहिला आणि म्हणाला, "बाबूजी, गरम गाड़ी को हाथ नहीं लगाते. आधा घंटा बैठो." गाडी गार होईपर्यंत त्याने इंजिनात थेंब ओतू दिला नाही. तापलेल्या हेडला गार पाण्याने तडा जातो, हेही त्यानेच सांगितलं. आई मागच्या सीटवर पदराने वारा घेत बसली होती. तिला वाफ दिसत नव्हती, नुसता आवाज येत होता. "काय झालं रे?" एवढंच दोनदा विचारलं तिने.

परत फिरलो. ऑपरेशनची तारीख गेली, पुढची तीन आठवड्यांनी.

गावातल्या एका मेकॅनिकने गाडी बघताच निकाल दिला, "साब, हेड गॅस्केट गया." हेड उघडलं, गॅस्केट नवं घातलं, माझा अर्ध्याहून जास्त पगार गेला. घाटाच्या पायथ्याशी नेऊन पाहिली तर काटा पुन्हा वर. मग तो म्हणाला, आता इंजिन पूर्ण खोलू. तेव्हा माझ्यातला कॉमर्सवाला जागा झाला. ट्रायल बॅलन्स जुळत नाही म्हणून कोणी सगळी लेजर्स नव्याने लिहीत नाही. आधी फरक किती ते बघायचं, त्याला नऊने भाग जातो का ते बघायचं. जात असेल तर बहुधा कोणीतरी ५४ च्या जागी ४५ लिहिलेले असतात. म्हणजे चूक कशी दिसते त्यावरून ती कुठे असेल ते कळतं.

हाताला पट्टी होती, म्हणून डाव्या हाताने वहीत लिहायला लागलो. गाडी कधी तापते? शनवाऱ्यापासून बाजारातून रांगत गेली तर नाही. रावेरच्या सपाट रस्त्यावर चाळीसने गेली तर नाही. साठच्या वर किंवा चढावर मात्र हमखास. आता पंखा नाहीतर पंख्याचा पट्टा बिघडला असता तर गाडी बाजारात तापली असती, कारण तिथे समोरून वारा नसतो, सगळी मदार पंख्यावर. जोर लागला की तापते, याचा अर्थ पाणी आहे, वारा आहे, पण उष्णता बाहेर टाकायची ताकद कमी पडते.

मग एकेक नोंद टिक करत गेलो. ऑइलची काडी काढली, ऑइल स्वच्छ. त्यात पाणी गेलं असतं तर ताकासारखं पांढरट झालं असतं. गार इंजिन चालू करून उघड्या रेडिएटरमध्ये बघितलं, बुडबुडे नाहीत. थर्मोस्टॅट काढून सौभाग्यवतींच्या पातेल्यात दोऱ्याने टांगला आणि पाणी तापवलं. ऐंशीच्या पुढे तो व्यवस्थित उघडला. "अहो, हे पातेलं आता परत चहाला वापरू नका," एवढाच त्या प्रयोगावर शेरा मिळाला. शेवटी रेडिएटर पूर्ण रिकामा करून लिटरच्या मापाने भरला. पुस्तकात दिलेल्या मापापेक्षा जवळपास पाऊण लिटर कमी बसलं. पाऊण लिटरची जागा कशाने तरी खाल्ली होती.

हे मी रात्री जेवताना मोठ्याने बोललो. आई म्हणाली, "अरे, बंबात धरतो तसा थर धरला असेल. पाणी कुठलं घालतोस?"

पाणी वाड्याच्या विहिरीचं. सहा वर्षं, बादलीने. आमच्या तांब्याच्या बंबातून आई दरवर्षी चिंच लावून, खरवडून मूठभर पांढरे पापुद्रे काढायची. नाही काढले तर लाकडं दुप्पट लागतात आणि पाणी कोमटच राहतं, हे तिला लहानपणापासून माहीत. आपल्या गावाच्या पाण्यात चुना आहे. १६१५ साली खान-ए-खानान रहीमच्या काळात सातपुड्याचं झिरपतं पाणी जमिनीखालून शहरात आणणारा कुंडी भंडारा बांधला. त्यात खाली उतरलात तर भिंतींवर हाच पांढरा थर दिसेल. मी तो शाळेच्या सहलीपासून पाहत होतो.

गाडी थंड ठेवायची ही कटकट गाडीइतकीच जुनी आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेन्झ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे शंभरेक किलोमीटर, त्याची मोटार घेऊन गेली. त्या गाडीत पाणी उकळून उडून जायचं, म्हणून वाटेत जिथे मिळेल तिथे भरत जावं लागलं. पुढे १९०० च्या सुमारास मायबाखने मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, आठ हजारांवर बारीक नळ्यांमधून वारा आणि भोवती पाणी. आमच्या पद्मिनीत उलट, चपट्या नळ्यांतून पाणी आणि भोवती पत्र्याच्या पाकळ्या. तेवढ्या बारीक नळीत चुना बसला की संपलं.

दुसऱ्या दिवशी गाडी तापवून बंद केली आणि पंखा थांबल्यावर डाव्या तळव्याने रेडिएटर चाचपला. वरचा भाग चटका बसेल असा, खाली डावीकडचा कोपरा जेमतेम कोमट. तिथपर्यंत पाणी पोहोचतच नव्हतं. रेडिएटर उतरवून रेडिएटरवाल्याकडे नेला. कोणी ॲसिड घालायला सांगितलं होतं, मी घातलं नाही. त्याने वरची टाकी डाख काढून उघडली, एकेका नळीतून पातळ पट्टी फिरवली. खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर जे पडलं ते मी पुडीत बांधून घरी आणलं. आईला नीट दिसत नव्हतं, तिने बोटांनी चुरून बघितलं आणि म्हणाली, "हेच ते."

खर्च गॅस्केटच्या पाव हिश्शाहून कमी आला. मेकॅनिकवर मी बरेच दिवस चिडून होतो, पण बादली त्याची नव्हती. त्यानंतर गाडीत बॅटरीचं पाणी घातलं, पावसाळ्यात पत्र्यावरचं धरलेलं, आणि पुढे हिरवं कूलंट मिळू लागलं तेव्हा ते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा पहाटे निघालो. घाटात मी रस्त्यापेक्षा काट्याकडेच जास्त बघत होतो. काटा मध्यावर थोडा वर चढला आणि तिथेच राहिला. त्या वळणावर आईने विचारलं, "इथेच का रे?" मी हो म्हटलं. परतताना तिच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. ऑपरेशन दुसऱ्या डोळ्याचं अजून बाकी होतं, पण पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा तिने माझा उजवा हात धरून भाजल्याचा डाग पाहिला, आणि मला चांगलीच शिवी दिली.

गाडी २००४ साली विकली. बंब अजून माळ्यावर आहे.